खान्देशात घरचं माणूस अचानक आजारी पडलं तर पहिली धाव कुठे घ्यावी?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वय ६८, गाव चोपडा तालुक्यात. मी नोकरीला पुण्यात. घरी आई-वडील आणि धाकटा भाऊ.

सकाळी वडिलांनी चूळ भरायला तांब्या उचलला, तर तो डाव्या हातातून सुटला. आई म्हणाली, झोप उतरली नाही अजून. त्यांनी परत उचलला, परत सुटला. मग चहा पिताना ओठाच्या कडेने चहा सदऱ्यावर गळायला लागला, तेव्हा भावाच्या पोटात गोळा आला. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी वाढलेलं निघालं. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली, सलाईन लावलं आणि अशक्तपणा आहे म्हणाले. दीड तास तिथेच गेला. नंतर तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथले मोठे डॉक्टर बाहेरगावी, येईपर्यंत बसा म्हणाले. शेवटी शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि विदगावच्या पुलावरून जळगाव गाठलं. सीटी स्कॅन झाला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते.

तिथल्या डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "सुरुवात किती वाजता झाली?" आमच्या घरात एकालाही वेळ सांगता आली नाही. भाऊ म्हणे सहा, आई म्हणे उजाडताना.

वडील वाचले. बोलतात, काठीने अंगणापर्यंत जातात. डावा हात मात्र उघडत नाही. राग कोणावर काढू हे कळत नाही, पण राग आहे, खोटं कशाला बोलू. गावचा डॉक्टर, तालुका, जळगाव-धुळ्याचं सिव्हिल, की थेट नाशिक-संभाजीनगर? तुम्ही काय केलं, काय चुकलं, काय बरोबर निघालं, ते लिहा. माझ्यासारखे बरेच जण पुण्या-मुंबईत बसून फोनवर आईबापांचा दवाखाना करतात.

अमळनेरची_लेक
दादा, वाचून गलबलून आलं. तांब्याचं वाचताना माझे आजोबा आठवले, अगदी अस्संच.

पांझरातीर
वडिलांना लवकर आराम पडो. पण एक सांगतो, गावच्या डॉक्टरवर सगळा दोष टाकू नका. रात्री दोनला कडी वाजवली तर दार तोच उघडतो. आमच्या शिंदखेडा तालुक्यात माझ्या चुलतभावाला कपाशीत घोणस चावली. डॉक्टर बीएएमएस, दवाखाना म्हणजे एक खोली आणि बाकडं. त्यांनी पाय बघितला. आमच्या काकांनी वर रुमाल आवळून बांधला होता, तो सोडायला लावला. म्हणाले, इथे एक मिनिट थांबू नका. ग्रामीण रुग्णालयात स्वतः फोन केला, लस आहे का ते विचारून घेतलं आणि पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून पाठवलं.

तिथल्या सिस्टरने काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. आम्ही कावलो, म्हटलं पोरगा तळमळतोय आणि ही घड्याळ काय बघते! वीस मिनिटांनी तिने नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. ती म्हणाली, घोणसचं विष चढलंय. लगेच सलाईनमधून दहा व्हायल लस सुरू झाली. सहा तासांनी पुन्हा तीच नळी, तेव्हा रक्त दह्यासारखं बसलं होतं. एक रुपया लागला नाही. खासगीत गेलो असतो तर आधी डिपॉझिट भरलं असतं, वर धुळ्याला पाठवलं असतं ते वेगळंच.

केळीचा_घड
रुमाल सोडायला सांगितला हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे रावेर-यावलला केळीच्या बागेत पाणी भरताना दरवर्षी कोणा ना कोणाला पान लागतं, म्हणजे साप चावतो. अजूनही आधी भगताकडे नेतात, मग दवाखाना. एकदा तर भगतानेच सांगितलं, "याले दवाखान्यात न्या, हे मह्या हातचं नाही." त्या म्हाताऱ्याला मी आजही रामराम करतो.

स्टेथो_धुळे
मी फिजिशियन आहे, धुळ्यात. तापीकाठ, तुमच्या वडिलांचे कागद न बघता ठाम काही बोलणार नाही. पण ती वेळ का विचारतात ते सगळ्यांना कळायला हवं.

अर्धांग दोन तऱ्हेने येतं. मेंदूच्या नसेत गुठळी अडकते, नाहीतर नस फुटून रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो सीटी स्कॅनवर. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर फायदा कमी आणि रक्तस्रावाचा धोका जास्त. म्हणून आम्ही "त्रास कधी दिसला" असं विचारत नाही, "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं" असं विचारतो. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला तर घड्याळ रात्री झोपल्यापासून धरतो.

जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटकन खाली आणायची पद्धत जुनी आहे. अशा झटक्यात बीपी एकदम पडलं तर मेंदूच्या अर्धमेल्या भागाला मिळणारं रक्तही तुटतं. गावातल्या डॉक्टरांच्या मनात वाईट नसतं. वीस वर्षांपूर्वी शिकलेलं हाताला बसलेलं असतं, आणि पेशंटचे नातेवाईकही "काहीतरी टोचा" म्हणून मागे लागतात.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, यातलं एकही दिसलं तर सीटी आणि फिजिशियन दोन्ही एकाच ठिकाणी असतील तिथेच जा. मध्ये कुठे थांबू नका, आणि पाणी, चहा, गोळी तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

तापीकाठ
डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून आईला आत्ता फोन केला. शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं, असं विचारलं. तिने एका दमात सांगितलं: "चारला लाइट आली ना, तेव्हा तेच उठले, मळ्यात जाऊन मोटर चालू करून आले, येऊन माझ्याशी बोलून परत आडवे झाले." म्हणजे चार वाजता ते बरे होते. साडेआठपर्यंत वेळ हातात होता, आणि साडेआठला आम्ही सलाईनची बाटली संपायची वाट बघत होतो.

तिला हे आधी कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे "त्रास कधी सुरू झाला" हेच विचारत राहिलो.

सातपुडा_पायथा
तापीकाठ, दुःख समजतं. आमच्याकडची गोष्टही ऐका. मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे. तुम्हाला पुलावरून जळगाव होतं. आमच्याकडे काही पाड्यांवर गाडी पोचतच नाही. बांबूला झोळी बांधायची, दोघांनी खांदा द्यायचा आणि रस्त्यापर्यंत उतरायचं. बाळंतिणीही अशाच येतात. नर्मदेकाठच्या गावांना तर बोटीवरचा दवाखाना. "थेट नाशिक" हा पर्याय इथे कुणाच्या डोक्यातही येत नाही. नंदुरबारला २०२० साली मेडिकल कॉलेज झालं तो मोठा आधार, पण धडगावहून तिथे उतरायलाच अर्धा दिवस जातो. नवापूरकडचे लोक सरळ व्यारा-सुरतला जातात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

चौथीतला एक मुलगा थंडी पडली की हातपाय आखडून रडायचा. आम्ही समजायचो, शाळा बुडवायची आहे. मी स्वतः त्याला रागावलो आहे. आशाताईंनी डोळ्यांचा पिवळेपणा बघून तपासणी करायला लावली, तर सिकलसेल निघाला, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या भिल्ल-पावरा समाजात तो खूप आहे. त्याला लाल कार्ड मिळालं, आई-बाप दोघांना पिवळं, म्हणजे वाहक. आता तो हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतो. थंडीत दोन स्वेटर घालतो आणि माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली त्याच्यासाठीच भरलेली असते. यंदा दुखणं एकदाच झालं.

एवढ्या वर्षांत कितीतरी डॉक्टरांनी त्याला वाताच्या गोळ्या दिल्या होत्या. ओळखलं ते आशाताईंनी. म्हणून पहिली धाव कुठे, याचं आमच्याकडचं उत्तर म्हणजे आशाताईंचं घर.

अमळनेरची_लेक
गुरुजी, लग्नाआधी दोघांची तपासणी करतात का तुमच्याकडे?

सातपुडा_पायथा
शाळा-कॉलेजात शिबिरं होतात. १ जुलै २०२३ ला केंद्राची सिकलसेलची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून जास्त. पण दोन पिवळ्या कार्डांचं लग्न ठरलेलं असेल तर ते मोडायला कोण सांगणार? मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की दिवस राहिले की लगेच तपासायला जा.

मेहरूणकाठ
पैशाचं कोणीच बोलत नाहीये. आजार एकवेळ सोसतो माणूस, बिल सोसत नाही. माझ्या सासूबाईंना हार्टचा त्रास झाला. जळगावात एका खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं. दारावर महात्मा फुले योजनेचा बोर्ड. काउंटरवर सांगितलं, "ही केस योजनेत बसत नाही, पन्नास हजार भरा." मंगळसूत्र गहाण ठेवून भरले. दुसऱ्या दिवशी बाजूच्या खाटेवरच्या माणसाची तीच अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. मी योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे पेशंटला मदत करायला हॉस्पिटलात बसतो त्या माणसाला, शोधत गेले. तो जिन्याखालच्या टेबलावर बसलेला. त्याने रेशन कार्ड बघितलं आणि म्हणाला, "ताई, केस बसते. कालच माझ्याकडे यायचं होतं." मी तिथून योजनेच्या १५५३८८ ला फोन लावला, तक्रार नोंदवली. चार दिवस खेटे घातल्यावर पैसे परत मिळाले.

आधी मर्यादा दीड लाखाची होती, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे, आणि पांढरं कार्डही चालतं. भरती करतानाच आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. काउंटरवर विचारू नका, वॉचमनला विचारा, त्याला बरोब्बर माहीत असतं.

औषधवाला
ताई, तुमचं खरं आहे. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझं मेडिकल आहे, शेजारी वीस खाटांचं हॉस्पिटल. योजनेचे पैसे सरकारकडून महिनोन् महिने येत नाहीत, तोवर ऑक्सिजनवाल्याला आणि नर्सच्या पगाराला डॉक्टरच पैसे घालतात. हे मी रोज बघतो. लबाडी करणारे आहेत, त्यांना सोडू नका. पण छोटी हॉस्पिटलं बंद पडली तर तालुक्याला रात्री सिझर कोण करणार?

मेहरूणकाठ
मान्य. पण मग बोर्ड लावू नये.

गिरणेचं_पाणी
कागदपत्रांवरून आमचं झालं ते सांगतो. वहिनीचं नाव रेशन कार्डात घातलंच नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली, दोन लेकरं झाली, माहेरच्या कार्डातून नाव कमी केलं आणि सासरच्या कार्डात चढवायचं राहून गेलं. ऑपरेशनच्या दिवशी मी चाळीसगावच्या तहसील कचेरीत रांगेत उभा आणि वहिनी तिकडे स्ट्रेचरवर. ज्यांच्या घरी नवी सून आली आहे त्यांनी हे आजच बघून घ्या.

वाघूर
मोठ्या खासगी ट्रस्टच्या हॉस्पिटलांबद्दलही सांगतो, कारण नाशिक-पुण्याला गेल्यावर तेच लागतात. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. आणखी एक. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. २०२१ च्या नर्सिंग होमच्या सुधारित नियमांत ते लिहिलेलं आहे. दरपत्रक दर्शनी भागात लावणंही त्यातच येतं. देव करो आणि कुणाला ते सांगायची वेळ न येवो.

भरीत_पुरी
सिव्हिलला नावं ठेवणाऱ्यांसाठी लिहिते. माझी लेक सातव्या महिन्यात बाळंत झाली, धुळ्याला, हिरे मेडिकल कॉलेजात. नातू १ किलो ४०० ग्रॅम. एवढंसं तोंड, माझ्या तळहातात मावेल. खासगीत काचेच्या पेटीचा रोजचा दर ऐकून जावई मटकन खालीच बसले होते. तिथे सिस्टर म्हणाल्या, आजी, घरी जुनं धुतलेलं सुती पातळ असेल तर आणा. मी माझं नेसायचं फाडलं. बाळाला नुसत्या टोपी-लंगोटीवर लेकीच्या छातीशी उघडं लावलं आणि वरून ते पातळ गुंडाळून बांधलं, कांगारूच्या पिशवीसारखं. दिवसरात्र तसंच. लेक दमली की मी लावून घ्यायची. साठीच्या बाईच्या छातीवर ते पाखरू असं श्वास घ्यायचं की मला हलायची भीती वाटे.

तेवीस दिवसांनी १ किलो ८०० झाला. संडास घाण होता, एका आयाने पैसे मागितले, ते मी लपवत नाही. वॉचमनशी माझं रोज भांडण, तो डबा आत नेऊ देत नसे. शेवटी त्यालाच कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, तेव्हापासून "आजी, या या." नातू आता बालवाडीत जातो.

केळीचा_घड
आजी, पुढच्या वेळी वॉचमनला भरीतही द्या, आयसीयूतही सोडेल 😄

पांझरातीर
भाषेचंही बघा. आमच्या आजीला घेऊन गेलो तर डॉक्टर लातूरकडचे, नवीन. आजी म्हणे, "मन्हा डोया दुखस." त्यांनी डोकं ऐकलं, डोकेदुखीची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी आजी परत तेच, "डोया, डोया!" मग मी सांगितलं, साहेब, डोया म्हणजे डोळा. त्यांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, दाब मोजला तर काचबिंदू. नजर वाचली. त्या डॉक्टरांनी नंतर केसपेपरच्या मागे अहिराणी शब्द लिहून घेतले: पोटमा आग पडस, चक्कर येस, जीव घाबरस.

स्टेथो_धुळे
"जीव घाबरस" हा शब्द प्रत्येक नव्या डॉक्टरला शिकवायला हवा. पन्नाशीच्या पुढचा माणूस घाम पुसत असं म्हणाला तर मी पुढचा प्रश्न विचारण्याआधी ईसीजी काढतो.

अमळनेरची_लेक
मी आमच्या दातांच्या डॉक्टरांबद्दल लिहिते. काकांची दाढ हलत होती, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. तंबाखू तीस वर्षं. काका म्हणाले, उपटून टाका. डॉक्टरांनी टॉर्च लावून गालाच्या आत बराच वेळ बघितलं आणि दाढेला हात लावायला नाही म्हणाले. तिनशे रुपये सोडले त्यांनी. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. मग परळचं टाटा. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, तिचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय झाली. काकू म्हणते, त्या धर्मशाळेत अर्धं खान्देश भेटलं, पापड वाळवायला गच्ची तेवढी नव्हती. काका आज शेतात जातात. आम्ही कौतुक टाटाचं करतो, पण दाढ न उपटणारा तो अमळनेरचा माणूस नसता तर टाटापर्यंत पोचायला वर्ष लागलं असतं.

लोहमार्ग_भुसावळ
मी तापीकाठांच्या बाजूचा आहे. हल्ली नुसता बाजार झालाय. माझ्या भावाच्या वेळी कमिशनसाठी तीन वेळा तेच एमआरआय काढले. अशांना चोप दिल्याशिवाय सुधारणार नाहीत.

स्टेथो_धुळे
भाऊ, तक्रार करा, मेडिकल कौन्सिलकडे जा, ग्राहक मंचात जा, मीही साक्षीला येईन. चोपाची भाषा नको. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी मारलं, त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर रजेवर गेले. त्यानंतर आमच्या भागातल्या कितीतरी डॉक्टरांनी अवघड पेशंट हातात घेणंच सोडलं. लगेच "वर न्या" म्हणतात. त्याचा भुर्दंड शेवटी रात्री येणाऱ्या पेशंटला बसतो.

लोहमार्ग_भुसावळ
तुमचं पटलं. शब्द मागे घेतो. राग भावाच्या बिलाचा होता.

गिरणेचं_पाणी
मूळ प्रश्नावर येऊ का? एवढं वाचून मला वाटतं, गावचा की जिल्ह्याचा हे नंतरचं. आमच्या चाळीसगावात ज्यांच्यावर माझा विश्वास बसला ते दोघेही डॉक्टर असे, की ज्यांनी कधी ना कधी मला सांगितलं, "हे माझ्याकडचं काम नाही, अमक्याकडे जा, मी फोन करतो." घोणसवाले, दाढवाले, सगळ्यांच्या गोष्टीत तेच आहे.

तापीकाठ
तिकडेच येत होतो. रविवारी गावी गेलो होतो. पांझरातीरभाऊंचं वाचून गावच्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायला गेलो नाही, पण जिभेवर शब्द होतेच. त्यांनीच खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "अण्णांचा हात कसा आहे?" मी चार वाजताची गोष्ट सांगितली. लाइट, मोटर, साडेआठ. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सलाईन मी लावलं. तेव्हा पाठवायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, हे ऐकून मोकळं वाटेल. तसं झालं नाही. पण आम्ही तासभर बसलो. स्टेथो_धुळे यांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. त्यांनी जळगावात रात्री सीटी कुठे चालू असतो, लस कुठे असते, चोपड्याचे फिजिशियन कोणत्या वारी गावाला जातात, हे सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलं. १०८ सगळ्यात वर. खाली एक ओळ: "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?" माझ्या भावाने तोच कागद आमच्या घरात मोटरच्या स्टार्टरशेजारी चिकटवला.

आई वडिलांच्या हातात रोज ओला टॉवेल देते, पिळायला. पूर्वी नुसता धरून ठेवत. परवा दोन थेंब पडले म्हणते.

भरीत_पुरी
पडू दे थेंब, बाळा. फिजिओवाला घरी येतो का चोपड्याहून?

तापीकाठ
हो आजी, सोमवार-गुरुवार. गाडीचं पेट्रोल वेगळं घेतो, पण येतो.

केळीचा_घड
त्या पुठ्ठ्याचा फोटो टाका ना भाऊ. आमच्या गावच्या डॉक्टरांनाही देतो. यावलची नावं मी भरतो.

तापीकाठ
शनिवारी परत जातोय. काढून आणतो.